वारणेचे पाणी आणि कृष्णाकाठची ओतशाळा

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून फुटलेले डोंगरांचे फाटे पूर्वेकडे उतरत उतरत जेथे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत विरून जातात, तेथे, सांगली जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, मोरणेच्या खोऱ्यात बत्तीस शिराळा हा जुना कसबा वसलेला आहे. गोरक्षनाथाचे देवस्थान आणि नागपंचमीचा उत्सव यांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले असले, तरी ज्यास या मुलखाचा आर्थिक इतिहास समजून घ्यावयाचा असेल त्याने प्रथम येथील पाण्याकडे लक्ष द्यावे. तालुक्याच्या पश्चिमेस चांदोलीच्या अरण्यात आणि पाथरपुंजच्या पठारावर पाऊस अतोनात कोसळतो. शिराळ्यापाशी येईतो तो बेताचा होतो. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास आटपाडी-जतच्या माळावर तो कित्येक वर्षी फिरकतच नाही. पूर्वी शिराळा हा सातारा जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचा एक पेठा गणला जाई. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा काढण्यात आला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांच्या हद्दी अशा बदलत गेल्या, परंतु पश्चिमेस अतिवृष्टी आणि पूर्वेस अवर्षण ही निसर्गाने घालून दिलेली वाटणी कोणत्याही सरकारी हुकुमाने बदलली नाही, आणि या प्रदेशात जी यंत्रविद्या उदयास आली तिचे मूळ मला या विषम वाटणीतच दिसते.

उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या अंगी शक्ती असते, हे ज्ञान मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. परंतु पाणचक्कीचे जुने लाकडी चाक त्या शक्तीचा थोडाच अंश पदरात पाडून घेत असे. १८२७ साली फूर्नेरॉन या फ्रेंच अभियंत्याने प्रवाह वळवणाऱ्या पात्यांसह चालणारे बंदिस्त चक्र तयार केले, आणि तेथून अर्वाचीन टर्बाइनाचा इतिहास सुरू झाला. पुढे अमेरिकेतील लोवेल येथील कापडगिरण्यांसाठी जेम्स फ्रान्सिस याने मध्यम उंचीच्या पाण्यास योग्य असे टर्बाइन सिद्ध केले. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींत वावरलेल्या लेस्टर पेल्टन याने १८८० साली, फार उंचावरून येणारी पाण्याची धार ज्याच्या जोडवाट्यांवर आदळते, असे चक्र पेटंट करून घेतले. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर काप्लान याने थोड्या उंचीच्या परंतु विपुल पाण्यासाठी कोन बदलता येणाऱ्या पात्यांचा पंखा निर्माण केला. जगातील बहुतेक जलविद्युत केंद्रांत आजही फ्रान्सिस, पेल्टन आणि काप्लान या तिघांपैकी कोणाच्या ना कोणाच्या कल्पनेची यंत्रे फिरत असतात.

आपल्या सह्याद्रीने पेल्टनाचे चक्र पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले ते खोपोलीस. जमशेटजी टाटांनी ज्या योजनेचा ध्यास घेतला होता, आणि जी त्यांच्या हयातीत सिद्धीस गेली नाही, ती १९१५ च्या फेब्रुवारीत कार्यान्वित झाली. लोणावळ्याच्या माथ्यावर तळ्यांत साठवलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळून टर्बाइने फिरवू लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. त्या योजनेतील टर्बाइने स्वित्झर्लंडहून आलेली होती. तळी आपली, पाऊस आपला, बांध घालणारे हात आपले, आणि पाण्याचे रूपांतर विजेत करणारे चक्र मात्र समुद्रापलीकडचे, अशी ती स्थिती होती. शिराळ्याच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. कारण त्या गिरण्यांच्या खात्यांत रात्रपाळी-दिवसपाळी करणाऱ्या कामगारांत याच डोंगराळ पट्ट्यातील, वारणा-मोरणेच्या काठची माणसे होती. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर कुटुंब पोसत नाही म्हणून घरटी एखादा माणूस मुंबईस जावा आणि त्याच्या मनीऑर्डरीवर इकडे चूल पेटावी, ही या भागाची अनेक पिढ्यांची वहिवाट. आपल्या उशाशी वाहून जाणाऱ्या पाण्याचा उपयोग करण्याचे साधन नसल्यामुळे हा प्रदेश आपली माणसे बाहेर पाठवत राहिला.

ते साधन घडवण्याची विद्या मात्र शिराळ्यापासून फार दूर जन्मास आली नाही. इस्लामपूर-ताकारीच्या वाटेने पूर्वेकडे उतरून कृष्णा ओलांडली, की पुणे-मिरज लोहमार्गावर एक स्थानक लागते, ज्याला पूर्वी कुंडल रोड म्हणत आणि आज किर्लोस्करवाडी म्हणतात. या जागेचा इतिहास महाराष्ट्रात अनेकांनी सांगितला आहे. परंतु तो बहुधा एका पुरुषाच्या कर्तृत्वाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि एका कसबाची कथा म्हणून क्वचितच. मला येथे दुसरी कथा सांगावयाची आहे. नांगर, पंप आणि टर्बाइन ही तीन यंत्रे वरवर पाहता एकमेकांशी अनोळखी वाटतात. वस्तुतः ती ओतकामाच्या एकाच विद्येची क्रमाने झालेली अपत्ये आहेत, आणि या जिल्ह्यात ती त्याच क्रमाने जन्मली.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव प्रांतातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांच्या दृष्टीस नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आल्यावर त्यांनी रंगचित्रणाचा नाद सोडला, यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवण्याची नोकरी धरली. त्या वास्तव्यात त्यांनी यंत्रे उघडून, जोडून, पुन्हा उघडून पाहिली. बेळगावास १८८८ साली बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह सुरू केलेल्या सायकलींच्या दुकानापासून या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ मानतात. पुढे नोकरीत बढतीच्या वेळी आपणांस डावलले गेल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली आणि ते बेळगावी परतले. तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि नंतर, विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी, लोखंडी नांगर.

या नांगराची कहाणी प्रसिद्ध आहे. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत असल्याने पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. नांगराचा फाळ बिडाचा ओतावयाचा, तो दगडावर आपटून तुटू नये इतका चिवट आणि मातीने लवकर झिजू नये इतका कठीण असावयास हवा. या परस्परविरोधी गुणांचा मेळ घालण्यासाठी भट्टीतील धातूची प्रत, साच्याच्या वाळूतील ओल आणि ओतीव वस्तू थंड होण्याची गती, या तिन्ही गोष्टी हातात याव्या लागतात. पुस्तकांतून ती विद्या मिळण्याची त्या काळी सोय नव्हती. ती फुटलेल्या फाळांतून मिळाली. शेतकऱ्याने परत आणून टाकलेला प्रत्येक मोडका फाळ हा ओतशाळेचा एक धडा होता, आणि पुढील सर्व यंत्रांचा पाया त्या धड्यांनी घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मोकळी करण्याचा हुकूम काढला तेव्हा लक्ष्मणरावांपुढे संकट उभे राहिले. अशा वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे १९०९ साली गादीवर आले होते आणि ज्यांनी औंधच्या यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे सोपवले होते, त्यांनी आपल्या संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकानजीक, बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि कर्जाचीही तजवीज केली. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिन मानला जातो. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट, पाण्याचा तोटा, वस्तीचे नाव नाही. ज्या राजाने ती दिली त्याच्या दूरदृष्टीविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो. कराडनजीक ओगले बंधूंचा काच कारखाना, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने विजेपूर्वीच्या काळात खेड्यापाड्यांतील घरे उजळली, तोही औंधच्याच मुलखात उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे लहानशा संस्थानाचा अंमलही कोणते कार्य करू शकतो हे कळून येते. खालसा मुलखात अर्जावर अर्ज करून जे साधले नसते, ते दरबाराच्या एका मंजुरीने साधले.

त्या वसाहतीची माणसेही उल्लेख करण्याजोगी होती. गावाची आखणी आणि बंदोबस्त रामूअण्णांनी पाहिला. शंभोराव जांभेकर हे शाळेत न जाता यंत्रे शिकलेले अभियंते. मंगेशराव रेगे हिशेबाचे दफ्तर सांभाळत. अनंतराव फळणीकर हेही अर्धवट शिक्षणावर कल्पक यंत्रकार झालेले. पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या, दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या, दोघांना नेमले आणि त्यांनी तो विश्वास शेवटपर्यंत राखला. इंग्रज सरकारचा कायदा जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवून त्यांची पोलिसांकडे हजेरी लावत होता त्या काळातील ही नेमणूक आहे, हे विसरता कामा नये. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले आणि कोळशाचीही टंचाई पडली तेव्हा जुन्या किल्ल्यांवरील निकामी तोफा वितळवून त्यांचे नांगर केल्याची हकिकत सांगितली जाते. बाहेरून होणाऱ्या मालाची आवक थांबल्यामुळे देशी नांगरास मागणी वाढली. त्याच जोरावर १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली निघाले, ज्याचा मूळ हेतू यंत्रांची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचा होता आणि ज्यास पुढे महाराष्ट्राच्या विचारजीवनात निराळेच स्थान लाभले. शेजारच्या सातारा रोडवर धनजीशहा कूपर यांचा कारखानाही याच सुमारास नांगर आणि पुढे तेलइंजिने करू लागला. म्हणजे साताऱ्याच्या जुन्या जिल्ह्यात, गिरण्यांच्या मुंबईपासून दूर, शेतकऱ्याच्या गरजेवर उभी राहिलेली यंत्रविद्येची स्वतंत्र शाखा निर्माण होत होती.

आता पंपाकडे वळू. नांगराने जमीन खोल उलटली, ऊस आणि भुईमूग आले, आणि मग प्रश्न उरला पाण्याचा. त्या काळी विहिरीवर मोट चाले. बैलांची जोडी धावेवरून उतरावी, नाडा ताणला जावा, कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हावी आणि बैल मागे हटत पुन्हा चढावे, असे पहाटेपासून दुपारपर्यंत चालले तरी एकरभर ऊस भिजता भिजत नसे. कृष्णा-वारणेच्या काठच्या शेतकऱ्यास तर नदी डोळ्यांसमोर वाहत असून दरडीच्या उंचीमुळे तिचा उपयोग नव्हता. १९२६ च्या सुमारास, ज्या वर्षी लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून पदवी घेऊन परतले, किर्लोस्करवाडीत अपकेंद्री पंपाची निर्मिती सुरू झाली.

या पंपाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. शंखासारख्या वळणदार बिडाच्या कवचात, वाकवलेल्या पात्यांचे एक चक्र वेगाने फिरते. मध्यभागी शिरलेले पाणी पात्यांबरोबर गरगरत परिघाकडे फेकले जाते, आणि कवचाचा मार्ग क्रमाक्रमाने रुंदावत गेल्यामुळे त्या पाण्याचा वेग कमी होऊन त्याचे दाबात रूपांतर होते. तो दाबच पाण्यास नळातून वर चढवतो. दिसावयास हे सोपे आहे. परंतु त्या चक्राची पाती एकसारख्या वळणाची आणि एकसारख्या जाडीची ओतली गेली नाहीत तर चक्र हेलकावते, धुरा झिजतो आणि इंजिनाची निम्मी शक्ती वाया जाते. म्हणून प्रथम सुताराने सागवानाचा नमुना घडवावयाचा, आणि धातू थंड होताना आकसतो हे ध्यानात घेऊन तो तितकाच मोठा ठेवावयाचा. मग ओताऱ्याने लोखंडी पेट्यांत वाळू ठासून त्या नमुन्याचा ठसा उमटवावयाचा. पात्यांमधील पोकळ मार्गांसाठी वाळूचे गाभे निराळे बनवून, भाजून, साच्यात अचूक बसवावयाचे. आणि भट्टीतून आलेला रस एका दमात, मध्ये खंड पडू न देता, ओतावयाचा. थंड झाल्यावर कातारी लेथवर त्याचा तोल साधतो. पंपाच्या ओतशाळेत सुताराचा हात हा ओताऱ्याच्या हाताइतकाच मोलाचा असतो. जो सुतार पूर्वी बैलगाडीच्या चाकाचे आरे बसवी त्याचाच मुलगा येथे जलविज्ञानाच्या वक्ररेषा लाकडात उतरवू लागला. फाळ ओतताना जे बीड हाती आले होते ते आता पात्यांच्या वळणांत गेले.

शेतकऱ्यांनी हा पंप मनापासून स्वीकारला. प्रथम तेलइंजिनावर, पुढे विजेच्या मोटरीवर. प्रथम स्वतःच्या ऐपतीने, पुढे सरकारी तगाईने आणि सहकारी पाणीपुरवठा मंडळ्यांच्या कर्जाने कृष्णाकाठ पंपांनी भरून गेला. या विस्तारातूनच १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगलोरास किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. परंतु पंपाचे मूळ स्थान किर्लोस्करवाडी हेच राहिले. १९४८ च्या प्रारंभी, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, कारखान्यास आग लावण्यात आली. ज्या गावांच्या शेतीसाठी तो कारखाना चालला होता त्यांच्याच परिसरात हे घडावे, याचे दुःख आजही कमी होत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ च्या सप्टेंबरात निवर्तले तेव्हा त्यांच्या ओतशाळेतील पंप देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचलेले होते.

त्याच काळी, शिराळ्याच्या उत्तरेस, कोयनेच्या खोऱ्यात टर्बाइनाचे महान पर्व सुरू होत होते. पूर्ववाहिनी कोयनेस अडवून तिचे पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस न्यावयाचे आणि पोफळीच्या भूमिगत केंद्रात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडावयाचे, या योजनेचा विचार टाटांनी बऱ्याच आधी केलेला होता. तो सिद्धीस नेला स्वराज्यातील सरकारने. पहिले संच १९६२ पासून चालू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली, धरणास तडे गेले. तरी ते दुरुस्त होऊन पुढील टप्पे बांधले गेले, आणि १९९९ सालच्या मार्चमध्ये कोयनेच्या शिवसागर जलाशयास तळातून छेद देण्याच्या अद्भुत प्रयोगानंतर चौथ्या टप्प्यातील प्रत्येकी २५० मेगावॅटचे चार संच चालू होऊन एकूण क्षमता १९२० मेगावॅटच्या पुढे गेली. कोयनेचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की धरणाच्या पायथ्याशी कारखाना उगवला नाही. कोयनेने राज्यास वीज दिली. यंत्र घडवण्याची विद्या या भागास नांगराने आणि पंपाने दिली होती.

आणि ती विद्या टर्बाइनापर्यंत कशी पोहोचली हे पाहण्यासारखे आहे. अपकेंद्री पंप उलटा चालवला, म्हणजे वरून येणारे पाणी त्याच्या निर्गमद्वारातून आत सोडले, तर चक्र उलट दिशेने फिरू लागते. जी मोटर त्यास फिरवीत होती तिच्या जागी जनित्र बसवले की वीज मिळते. फ्रान्सिसच्या टर्बाइनाचे आणि पंपाचे चक्र यांत शरीररचनेचे साम्य आहे; भेद आहे तो मुख्यतः प्रवाह नियंत्रित करणाऱ्या पात्यांचा. टर्बाइनाभोवती अशी हलती पाती असतात, जी उघडमीट करून पाणी कमीअधिक करता येते. पंपास ती नसतात, म्हणून उलटा चालवलेला पंप ठराविक प्रवाहावरच उत्तम काम करतो आणि प्रवाह घटला की त्याची कार्यक्षमता चटकन खालावते. शिवाय जनित्रावरील भार अकस्मात तुटला तर चक्र बेफाम वेग घेते, त्याचीही व्यवस्था आधी करून ठेवावी लागते. उलट, त्याची किंमत थोडी, सुटे भाग सहज मिळणारे, आणि जो कारागीर पंप दुरुस्त करतो तोच हेही करू शकतो. कालव्याचे लहान धबधबे, डोंगरी ओढे, नळयोजनांतील वाया जाणारा दाब अशा ठिकाणी हा उपाय फार सोयीचा ठरतो. किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीने असे उलट चालणारे पंप आणि लहान जलविद्युत केंद्रांसाठी टर्बाइनेही तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि किर्लोस्करवाडीच्या जलयंत्र संशोधन केंद्रात मोठ्या पंपांची प्रत्यक्ष पाणी खेळवून परीक्षा होऊ लागली. जी पाती पाणी वर लोटण्यासाठी शंभर वेळा लाकडात घडवली गेली, वाळूत उमटवली गेली, लेथवर तोलली गेली, ती खाली येणाऱ्या पाण्याने फिरवून घेण्यास वेगळा कारागीर लागला नाही. मला तर हा या जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासातील सर्वांत सुंदर टप्पा वाटतो, आणि तो कोणत्याही शिलान्यास-समारंभाविना आला.

वाफेच्या टर्बाइनाचा वंश मात्र वेगळा आहे. त्याचा जनक चार्ल्स पार्सन्स याने १८८४ साली इंग्लंडात पहिले यंत्र सिद्ध केले. तप्त आणि दाबाखालील वाफ पात्यांच्या ओळींमधून प्रसरण पावत जाते आणि धुरा अतिशय वेगाने फिरवते. तेथे बिडाचा निभाव लागत नाही. उच्च प्रतीचे पोलाद, केसाच्या रुंदीइतकी अंतरे आणि तोलाची पराकाष्ठा लागते. किर्लोस्करवाडीस ही विद्या आली ती जपानच्या सहकार्याने. टोकियोची एबारा ही कंपनी १९१२ साली, प्राध्यापक इनोकुची यांच्या अपकेंद्री पंपाविषयीच्या सिद्धांताचा व्यवहारात उपयोग करण्याच्या हेतूने स्थापन झालेली, आणि १९२० साली, म्हणजे किर्लोस्कर ब्रदर्स ज्या वर्षी नोंदवली गेली त्याच वर्षी, तिने आजचे नाव धारण केले. पंपापासून आरंभ केलेल्या या दोन घराण्यांनी मिळून १९८८ साली किर्लोस्कर एबारा पंप्स ही कंपनी काढली. किर्लोस्करवाडीच्या तिच्या कारखान्यात तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगांसाठी अवघड जातीचे पंप, तसेच औद्योगिक उपयोगाची वाफेची टर्बाइने तयार होऊ लागली. ज्या निवडुंगाच्या माळावर फाळ ओतण्यापासून आरंभ झाला, तेथेच वाफेचे टर्बाइन जोडले जाऊन रेल्वेच्या रुळांपलीकडे रवाना होऊ लागले.

अशा टर्बाइनाचा सांगली-सातारा-कोल्हापूरच्या माणसास अगदी परिचित असलेला उपयोग म्हणजे साखर कारखाना. शिराळ्याच्या हद्दीत चिखली येथे विश्वासराव नाईक सहकारी कारखाना आहे. वाळव्यात, कराडात, वारणानगरास आहेत. गाळप झालेल्या उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते, त्याची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज निर्माण करते, आणि त्यातून बाहेर पडणारी मंदावलेली वाफ रस आटवण्याच्या कामी येते. एकाच उष्णतेचा असा दुहेरी उपयोग होतो. पूर्वी ही वीज कारखान्यापुरती असे. अलीकडे जास्त दाबाचे बॉयलर आणि मोठी टर्बाइने बसवून उरलेली वीज राज्याच्या जाळ्यात विकली जाते. म्हणजे मोटेच्या जागी पंप आला, पंपाने ऊस वाढवला, उसाने कारखाना आणला आणि कारखान्याने टर्बाइन मागितले. या साखळीतील एकही दुवा बाहेरच्या कोणी योजून दिलेला नाही. उसाने जमिनी खारवल्या, पाण्याची वाटणी विषम केली, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून या उद्योगाचे गुणगान करणे मला उचित वाटत नाही.

शिराळ्याच्या स्वतःच्या दारात टर्बाइन आले ते उशिरा. वारणेवर चांदोलीपाशी मातीचे धरण झाले, ज्याच्या वसंतसागर जलाशयात ३४.४० अब्ज घनफूट पाणी मावते. त्याच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे विद्युतगृह उभे राहिले. कोयनेच्या तुलनेत ते लहान आहे. परंतु त्यातून गेलेले पाणी नदीतच राहते, पूर्वेकडेच वाहते आणि पुढे हरिपूरपाशी कृष्णेस मिळते. या धरणासाठी आणि १९८५ साली घोषित झालेल्या चांदोलीच्या अभयारण्यासाठी डोंगरातील गावेच्या गावे उठवण्यात आली. २००४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. उठवलेल्या लोकांना वाळव्याच्या आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या सपाट मुलखात जमिनी द्यावयाच्या ठरल्या, आणि त्या जमिनींच्या सातबारासाठी, गावठाणांतील नागरी सोयींसाठी त्यांना पिढीभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. विद्युतगृहाचा इतिहास लिहिणाऱ्याने संचांच्या क्षमतेबरोबर हाही हिशेब मांडला पाहिजे; कारण त्या टर्बाइनावर पडणारे पाणी ज्या जमिनीवर साचले आहे ती जमीन कोणाची तरी पेर होती.

आणि जलाशय भरल्यावरही शिराळ्याचा निम्मा तालुका नदीच्या पातळीहून उंच असल्याने कोरडाच राहिला. त्यासाठी वाकुर्डे बुद्रुक उपसा सिंचन योजना निघाली, जी वारणेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून शिराळा, वाळवा आणि कराडच्या उंच शिवारांत नेण्यासाठी आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजना तेच काम कृष्णेच्या पाण्याबाबत करतात. टेंभूचे पाणी तर पंपांच्या टप्प्यांमागून टप्पे चढत आटपाडीच्या माळापर्यंत पोहोचले आहे. हे सर्व पंप विजेवर चालतात, आणि विजेचे बिल थकले की आवर्तन थांबते व शेतकरी तहसील कचेरीवर मोर्चा नेतो. एकीकडे कोयनेचे पाणी पश्चिमेस वळवून त्यावर वीज करावी, दुसरीकडे त्या विजेने उरलेले पाणी पूर्वेस चढवावे, असा हा व्यवहार आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ च्या निवाड्यात कोयनेतून पश्चिमेस न्यावयाच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. त्या मर्यादेच्या आत टर्बाइनास किती आणि पंपास किती, हा वाद दुष्काळाच्या प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने उपस्थित होतो, आणि त्याचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर पश्चिमेची आणि पूर्वेची निवेदने शेजारी शेजारी येऊन पडतात.